मासा आजारी की पाणी?

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

घरातल्या काचेच्या टाकीतल्या माशाची शेपटी एक दिवस कडेने पांढुरकी दिसू लागते. दोन-तीन दिवसांत ती कड जुन्या झालरीसारखी विरते आणि परांच्या बारीक काड्या उघड्या पडतात. मासा पर अंगाशी मिटून फिल्टरच्या मागे जाऊन बसतो. मुले विचारतात, 'याला काय झालं?' मग घरातले कुणी तरी दुकानात जाते आणि औषधाची बाटली घेऊन येते. झाकणभर औषध पाण्यात पडते, पाणी निळेशार होते. चार दिवसांनी तो मासा जातो आणि आठवड्याभरात त्याच्यामागून आणखी दोन जातात. 'हे मासे नाजूकच असतात' असे म्हणून टाकी माळ्यावर चढते.

मुंबईच्या उपनगरांत असे शेकडो घरांत घडत असेल. यातले बहुतेक मासे वाचण्यासारखे असतात, म्हणून आज या आजाराविषयी आणि तो जिथून येतो त्या पाण्याविषयी बोलायचे आहे.

या आजाराला इंग्रजीत 'फिन रॉट' म्हणतात आणि आपल्याकडचे दुकानदारही तोच शब्द वापरतात. मराठीत त्याला परांची कूज म्हणता येईल. ही कूज जिवाणूंमुळे होते. एरोमोनास, स्यूडोमोनास ही त्यांतली नेहमीची नावे. हे जिवाणू बाहेरून आलेले नसतात. प्रत्येक टाकीत, तळ्यात, ओढ्यात, चिखलात ते असतातच. निरोगी माशाच्या अंगावर बुळबुळीत थर असतो, तो त्यांना थोपवून धरतो. माशावर ताण आला, कल्ले भाजले, प्रतिकारशक्ती उतरली, की हेच शेजारी आत घुसतात. पर म्हणजे काड्यांवर ताणलेले अगदी पातळ कातडे. शरीराचा सगळ्यात उघडा आणि तलम भाग तोच, म्हणून आधी तो झडतो.

याचा अर्थ असा, की शेपटी झडणे ही पुष्कळदा आजाराची शेवटची पायरी असते. पहिली पायरी पाण्यात पडलेली असते आणि पाणी तर काचेसारखे स्वच्छ दिसत असते. खरी अडचण इथेच आहे.

नळ आणि नदी यांच्या मध्ये

आपले पाणी कुठून येते ते आधी पाहू. अंधेरी-कुर्ला रस्त्यावर 'मरोळ पाइपलाइन' नावाचा भाग आहे. मोठ्या जलवाहिनीवरून त्या ठिकाणाला नाव पडले. मरोळ-मरोशीपासून रुपारेल महाविद्यालयापर्यंत जमिनीखालून जलबोगदाही गेला आहे. वैतरणा, तानसा, भातसा, विहार, तुळशी या तलावांचे पाणी अशा वाहिन्यांतून मुंबईत येते. आपल्या घरी पोहोचण्याआधी ते गाळले जाते आणि त्यात क्लोरीन मिसळला जातो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार नळाच्या पाण्यात दर लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असायला हवा. आपल्या पोटाला त्याने काही होत नाही. उलट कॉलरा-कावीळ दूर राहते. माशाचे तसे नाही. त्याचे कल्ले सतत पाण्यात असतात आणि रक्त व पाणी यांच्यामध्ये तिथे फक्त पेशींचा अतिशय पातळ पडदा असतो. लिटरला मिलिग्रॅमच्या काही शतांश भागाइतका क्लोरीनही तो पडदा भाजू शकतो.

हेच पाणी वापरून झाले, की सांडपाणी होते. विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यापासून निघणारी मिठी नदी मरोळ, साकीनाका, कुर्ला असे करत माहीमच्या खाडीला मिळते. तिच्यात ठिकठिकाणी सांडपाणी येते. ते कुजवणारे जिवाणू पाण्यातला प्राणवायू वापरून टाकतात, अमोनिया वाढतो आणि नदीत मासा टिकत नाही. नळ आणि नदी यांच्या मध्ये आपल्या दिवाणखान्यातली ती दोन फुटी टाकी उभी आहे. पाणी बाहेर गेले नाही, तर तिची लहानशी मिठी व्हायला फार दिवस लागत नाहीत.

याचे मोठ्या प्रमाणावरचे उदाहरण मुंबईकरांनी बाणगंगेच्या तळ्यात पाहिले आहे. पितृपक्ष संपल्यावर तिथे मासे मरून तरंगल्याच्या बातम्या अनेक वर्षी आल्या. पिंड, पीठ, फुले पाण्यात कुजू लागली, की प्राणवायू संपतो आणि मासे गुदमरतात. पाण्यात कुणी विष टाकलेले नसते, पडलेले असते ते अन्नच. टाकीत मूठभर दाणे जास्त पडले, तर तिथेही हेच होते.

न दिसणारे विष

आपण लघवीवाटे जो कचरा बाहेर टाकतो, तो मासा मुख्यतः कल्ल्यांवाटे अमोनियाच्या रूपाने टाकतो. उरलेले दाणे, विष्ठा, सडलेली पाने यांतूनही अमोनियाच तयार होतो. किती? मत्स्यशेतीतला ढोबळ हिशेब असा, की किलोभर खाद्यामागे सुमारे ३० ग्रॅम अमोनिया बाहेर पडतो. म्हणजे ग्रॅमभर दाण्यांमागे ३० मिलिग्रॅम. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकीत खडी वगैरे वजा जाता ४५ लिटरच्या आसपास पाणी मावते. एका ग्रॅम खाद्याने त्यात लिटरमागे पाऊण मिलिग्रॅमच्या जवळपास अमोनिया जमा होतो. चिमूट-दोन चिमटी दाण्यांचा हा प्रताप आहे.

आता पुढची मेख. पाण्यातला सगळा अमोनिया सारखा विषारी नसतो. त्याचा बराचसा भाग निरुपद्रवी रूपात असतो, थोडा भाग जहाल. कुठला किती, हे पाण्याच्या आम्लतेवर म्हणजे पीएचवर आणि तापमानावर ठरते. पाणी ३० अंश सेल्सिअस असेल आणि पीएच ७ असेल, तर शंभरातला एक भागही जहाल नसतो. पीएच ८ झाला, की शंभरातले साडेसात भाग जहाल होतात. पीएच ९ ला तर ४५. जहाल अमोनिया लिटरला ०.०५ मिलिग्रॅमच्या घरात गेला, की कल्ल्यांना इजा होऊ लागते असे मानतात. आपल्या दोन फुटी टाकीत एका ग्रॅम दाण्यांनी ती मर्यादा पीएच ८ ला गाठली जाते. म्हणूनच एका घरातले मासे वर्षानुवर्षे जगतात आणि शेजारच्या घरातले, तेच खाद्य खाऊन, महिन्यात जातात.

मग सगळीच टाकी का मरत नाही? कारण तिच्यात आपले मित्रही असतात. अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू खडीवर, काचेवर आणि सगळ्यात जास्त फिल्टरच्या स्पंजात घर करतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विनोग्राडस्की या रशियन शास्त्रज्ञाने त्यांचे काम उलगडले. ही दोन कामे दोन वेगळ्या गटांचीच असतात असे शंभर वर्षे मानले जात होते. २०१५ साली दोन्ही कामे एकटाच करणारा नायट्रोस्पिरा जातीचा जिवाणू सापडला. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे एवढेच, की या जिवाणूंची वस्ती बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात.

दुकानातून टाकी आणली, त्याच संध्याकाळी दहा मासे सोडले, की पहिल्या पंधरवड्यात ते मरतात त्याचे कारण हे. वस्ती बसलेली नसते, अमोनिया मात्र पहिल्या दिवसापासून सुरू असतो. अमोनिया उतरू लागला, की नायट्राइट चढते. तेही घातक असते. ते रक्तातल्या हिमोग्लोबिनला निकामी करते, रक्त तपकिरी पडते आणि पाण्यात प्राणवायू असूनही मासा पृष्ठभागावर येऊन तोंड मारत राहतो. शेवटचे नायट्रेट त्या मानाने सौम्य. ते पाणी बदलून काढायचे.

कुणी विचारील, महापालिकेचे कर्मचारी डासांच्या अळ्या खायला टाक्यांत, डबक्यांत गप्पी मासे सोडतात, ते कसे जगतात? गप्पी काटक खराच. शिवाय उघड्या जागी शेवाळ असते, पाऊस पडतो, पाणी हलते आणि गर्दी वाढली की मासे पांगू शकतात. टाकीत त्याला पळायला जागा नसते. आणखी एक, डबक्यात मेलेले गप्पी आपण मोजत नाही.

'फायटर' माशाचीही अशीच गैरसमजूत आहे. तो हवेतला प्राणवायू घेऊ शकतो, म्हणून त्याला लोणच्याच्या बरणीएवढ्या जागेत ठेवतात. प्राणवायूचा प्रश्न त्याने सोडवला, अमोनियाचा नाही. परांची कूज झालेले मासे पाहायचे असतील तर अशा बरण्या पाहाव्यात. लांब, रेशमी पर आणि लिटरभर शिळे पाणी.

रविवारची धुलाई

पुष्कळ घरांत रविवार हा टाकी धुण्याचा दिवस असतो. मासे बादलीत काढायचे, सगळे पाणी मोरीत ओतायचे, खडी नळाखाली खळखळून धुवायची, स्पंज साबणाने पिळायचा, काच पावडरने घासायची आणि नळाचे ताजे पाणी भरून मासे परत सोडायचे. टाकी आरशासारखी लखलखते आणि घरच्यांना समाधान वाटते.

या एका तासात काय होते पाहा. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने आणि साबणाने फिल्टरमधली वस्ती मरते. माशाला क्लोरीनचा, तापमानाचा आणि पीएचचा असा तिहेरी धक्का एकाच वेळी बसतो. पुढचे काही आठवडे टाकी पुन्हा नवी असते, अमोनिया खाणारे कुणी नसते. चार-पाच दिवसांनी शेपटीची कड पांढरी होते. तोवर धुलाईची आठवणही राहिलेली नसते, म्हणून दोष माशाकडे किंवा दुकानदाराकडे जातो.

याच्या उलट टोकाची चूकही असते. टाकीला महिनोन् महिने हात लावायचा नाही, आटलेले पाणी फक्त वरून भरायचे. आपले तलावाचे पाणी मृदू आहे, त्यात क्षार कमी. अमोनियाचे नायट्रेट होताना आम्ल तयार होते आणि ते मारणारे क्षार हळूहळू संपतात. मग पीएच सहाच्या खाली घसरतो. इतक्या आम्ल पाण्यात आपले मित्र जिवाणू काम थांबवतात, अमोनिया साचत जातो, पण आम्ल पाण्यात तो निरुपद्रवी रूपात राहतो. मासे मलूल असतात, तरी जगतात. अशा टाकीचे पाणी एके दिवशी उत्साहाने तीन चतुर्थांश बदलले, की पीएच एकदम वर जातो आणि उरलेला अमोनिया जहाल होतो. सकाळी मासे तरंगलेले दिसतात. 'पाणी बदलल्यामुळे मासे मेले' ही तक्रार खरी असते. पण पाणी फार उशिरा आणि फार जास्त बदलले, हे त्यामागचे कारण. अशी जुनी टाकी हाती आली, तर रोज दहा टक्केच पाणी बदलत आठवड्या-दोन आठवड्यांत तिला ताळ्यावर आणावे.

इमारतींमध्ये आणखी एक गोष्ट तपासा. काही ठिकाणी संडासाच्या टाकीला बोअरवेलचे पाणी असते, टंचाईत टँकर येतो. हे पाणी कठीण किंवा मचूळ असू शकते. कुठल्या नळाला कुठले पाणी, हे ठाऊक करून घ्यावे आणि माशांसाठी नेहमी एकच नळ वापरावा.

आधी ओळख, मग उपाय

प्रत्येक फाटका पर म्हणजे कूज नव्हे. पराचा तुकडा स्वच्छ तुटलेला असेल, कड पांढरी किंवा लाल नसेल, तर कुणी तरी चावते आहे. टायगर बार्ब हा त्यातला सराईत. त्याला वेगळे करा, औषध नको. अंगभर मिठाच्या कणांसारखे ठिपके असतील, तर तो 'व्हाइट स्पॉट' नावाचा परजीवी. कापसाचे बोंड चिकटल्यासारखे दिसले, तर बुरशी. पाठीवर खोगिरासारखा फिकट पट्टा आणि तोंडाशी पांढरी कड दिसली, तर तो कॉलम्नॅरिस नावाचा जिवाणूंचा वेगळा आणि जलद आजार. तो उष्ण पाण्यात आणखी जोर धरतो. म्हणून प्रत्येक आजारावर 'हीटर वाढवा' हा सल्ला ऐकू नये. व्हाइट स्पॉटला तो उपयोगी पडतो, कॉलम्नॅरिसला घातक ठरतो.

पराची कड पांढुरकी, विरलेली, क्वचित लालसर रेघ असलेली दिसली, तर ती कूज. मग पुढील क्रमाने जावे.

पहिले, पाणी तपासा. अमोनिया, नायट्राइट आणि पीएच तपासायचे थेंबांचे संच मत्स्यालयाच्या दुकानांत मिळतात. अमोनिया आणि नायट्राइट शून्य असायला हवेत. संच नसेल तर पाणी बिघडले आहे असे धरून चाला. बहुतेक वेळा हा अंदाज बरोबर निघतो.

दुसरे, रोज चौथा हिस्सा पाणी बदला, पाच ते सात दिवस. नवे पाणी आदल्या दिवशी उघड्या बादलीत काढून ठेवा आणि शक्य असेल तर त्यात हवेची नळी सोडा. चोवीस तासांत क्लोरीन उडून जातो. घाई असेल तर दुकानात मिळणारे 'अँटिक्लोरीन' वापरा. ते बहुधा सोडियम थायोसल्फेट असते आणि क्लोरीन लगेच मारते. पाणी काढताना सायफनची नळी खडीत खुपसून तळाची घाण ओढून घ्या. स्पंज फार बुजला असेल तर टाकीतून काढलेल्याच पाण्यात दोनदा पिळा, नळाखाली नको.

तिसरे, खाणे एक दिवस बंद ठेवा. मासा उपाशी मरत नाही, काळजी नको. नंतर दोन मिनिटांत संपेल एवढेच द्या.

चौथे, आजारी माशाला जमल्यास दहा-पंधरा लिटरच्या वेगळ्या टाकीत किंवा स्वच्छ प्लॅस्टिकच्या टबात ठेवा. त्यात हवेचा दगड सोडा. तिथे फिल्टरची वस्ती नसते, म्हणून पाणी रोज बदलावे लागते. मुंबईच्या थंडीत एखाद्या रात्री पारा १५ अंशांच्या आसपास उतरतो. गोल्डफिशला त्याचे काही नाही, फायटरला आणि गप्पीला २५ ते २७ अंश लागतात.

पाचवे, मीठ. साधे खडे मीठ, लिटरला एक ग्रॅम, आधी पेलाभर पाण्यात विरघळवून. चहाचा सपाट चमचा म्हणजे पाच-सहा ग्रॅम, म्हणजे पाच लिटरला एक चमचा. गरज पडल्यास दोन-तीन दिवसांत लिटरला तीन ग्रॅमपर्यंत नेता येते. मिठाने माशाच्या शरीरातले क्षार टिकवण्याचे काम हलके होते. नायट्राइट चढले असेल तर मिठातला क्लोराइड ते कल्ल्यांतून आत शिरू देत नाही. मीठ आजारी माशाच्या वेगळ्या टाकीतच घालावे. पाणवनस्पतींना आणि कोरिडोरास, लोच यांसारख्या तळाच्या माशांना ते सोसत नाही. मीठ उडून जात नाही हेही लक्षात ठेवा. आटलेले पाणी भरताना पुन्हा मीठ घालू नका, बदललेल्या पाण्यापुरतेच घाला.

एवढ्याने बहुतेक सौम्य कूज थांबते. कड पांढुरकी राहिली नाही आणि तिच्यापुढे पातळ, पारदर्शक नवे कातडे दिसू लागले, की समजावे मासा सावरला. पर पुन्हा वाढतात, ही माशाला मिळालेली मोठी देणगी. आपल्या उपखंडातल्या ओढ्यांत आणि भातखाचरांत राहणारा झेब्राफिश, ज्याचे वर्णन फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ साली गंगेतील माशांवरच्या ग्रंथात केले, त्याचा कापलेला शेपटीचा पर उबदार पाण्यात दोन-तीन आठवड्यांत परत येतो. अवयव पुन्हा कसे उगवतात हे शिकण्यासाठी जगभरच्या प्रयोगशाळांत हा मासा पाळतात. मात्र कूज पराच्या मुळापर्यंत, अंगापर्यंत पोहोचली तर तो पर परत येत नाही आणि पुष्कळदा मासाही वाचत नाही. म्हणून पहिल्या पांढऱ्या कडेलाच हालचाल हवी.

औषधाची बाटली

मग औषधे कधीच नकोत का? चार-पाच दिवस पाणी चांगले ठेवूनही कूज पुढे सरकत असेल, मुळाशी लाली दिसत असेल, तर औषध लागते. पण ते वेगळ्या टाकीत. मिथिलिन ब्लू, म्हणजे ते निळे औषध, बुरशीवर चांगले. मोठ्या टाकीत ओतले तर ते फिल्टरमधल्या वस्तीलाही मारते. जो अमोनिया आजाराचे मूळ होता, तो त्यामुळे आणखी वाढतो. आरंभी सांगितलेल्या टाकीत एकामागून एक मासे का गेले, त्याचे उत्तर यात आहे.

माणसांच्या टेट्रासायक्लिनची कॅप्सूल फोडून टाकीत टाकण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. ती सोडावी. कठीण पाण्यातल्या कॅल्शियमशी बांधले जाऊन ते औषध बरेचसे निष्प्रभ होते, उजेडात विघटते आणि उरलेल्या अर्धवट मात्रेत जिवाणू मरत नाहीत, निर्ढावतात. शोभेचे मासे आणि ते ज्या पाण्यातून आणले जातात ते पाणी यांची ब्रिटनमधल्या शास्त्रज्ञांनी तपासणी केली. २००९ साली तिचा अहवाल प्रसिद्ध झाला. अनेक प्रतिजैविकांना दाद न देणारे एरोमोनास जिवाणू त्यांना मोठ्या प्रमाणात आढळले. टाकीचे पाणी आपण मोरीत ओततो, तिथून ते गटारात आणि नदीत जाते. ते निर्ढावलेले जिवाणू आपल्याच परिसरात राहतात. उद्या आपल्या जखमेला, आपल्या मुलांच्या आजाराला तेच औषध लागणार असते.

म्हणून प्रतिजैविक द्यायचेच, तर पशुवैद्यकाच्या सल्ल्याने, ठरलेल्या मात्रेत आणि ठरलेले दिवस. माशालाही डॉक्टर असतो, हे आपल्याला चमत्कारिक वाटते. पण परळचे मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासून आहे. वर्सोव्याची केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था १९६१ मध्ये स्थापन झाली. माशांचे आजार हा तिथे अभ्यासाचा रीतसर विषय आहे. मरोळ नाक्यावरून तर २०१४ पासून मेट्रो थेट वर्सोव्याला जाते. सांगायचे एवढेच, की ही विद्या आपल्या दारात आहे. दुकानातल्या बाटलीवरच्या चार ओळींवर विसंबायची गरज नाही.

एक सूचना आपल्या हातांसाठी. हाताला कापले, खरचटले असेल तर टाकीत हात घालू नका. मायकोबॅक्टेरियम मरिनम नावाचा जिवाणू अशा जखमेतून शिरतो आणि महिनोन् महिने न भरणारी गाठ करतो. डॉक्टरांकडे गेलात तर घरी मासे आहेत हे आवर्जून सांगा, नाही तर निदान लांबते.

वीज गेली तर

मुंबईत वीज क्वचित जाते, पण जाते. २६ जुलै २००५ च्या महापुरात सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि उपनगरांतले अनेक भाग दिवसेंदिवस अंधारात होते. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी सारी मुंबई ठप्प झाली होती. फिल्टर बंद पडला, की पाण्यातला प्राणवायू उतरतो. मुळात उष्ण पाण्यात तो कमीच मावतो. २० अंशांना लिटरमागे ९.१ मिलिग्रॅम, ३० अंशांना ७.६. अशा वेळी खाणे अजिबात देऊ नका, टमरेलाने पाणी काढून उंचावरून परत ओतत राहा. बंद डब्यातला फिल्टर बरेच तास बंद राहिला असेल, तर सुरू करण्याआधी त्यातले कुबट पाणी फेकून द्या. बॅटरीवर चालणारा छोटा एअर पंप घरात असलेला बरा.

१९५१ साली मरीन ड्राइव्हवर सुरू झालेल्या तारापोरवाला मत्स्यालयाच्या काचांपुढे मुंबईच्या कित्येक पिढ्यांची बालपणे तोंडाचा आ वासून उभी राहिली. घरी मासे पाळण्याची हौस पुष्कळांना तिथेच लागली. त्या काचांच्या मागे पाणी खेळते आणि स्वच्छ ठेवण्यासाठी माणसे राबत असत. आपल्याला तेवढे करावे लागत नाही. आठवड्यातून वीस मिनिटे पुरतात. शनिवारी रात्री एक बादली पाणी काढून ठेवायचे. रविवारी टाकीतले चौथा हिस्सा पाणी नळीने ओढून घ्यायचे आणि बादलीतले हळूहळू भरायचे. काच आतून नुसत्या कापडाने पुसायची, साबण नको. मीठ किंवा औषध घातलेले नसेल, तर काढलेले पाणी कुंड्यांना घाला. त्यातले नायट्रेट तुळशीला खत म्हणून चालते.

आणि पाणी भरून झाले, की दोन मिनिटे समोर बसून प्रत्येक माशाची शेपटी नीट पाहा. कड पारदर्शक आहे ना? पर उघडे आहेत ना? खायला धावून येतात ना? घरातल्या लहान मुलांना हे काम सांगा. त्यांची नजर आपल्यापेक्षा तीक्ष्ण असते आणि पांढरी कड त्यांना आपल्या आधी दिसते.